व्हिसाची रांग आणि वंध्यत्वाचा शिक्का

कॅनडातले विंडसर आणि अमेरिकेतले डेट्रॉईट या दोन शहरांच्या मधे जेमतेम किलोमीटरभर रुंदीची नदी आहे. १९२९ पासून तिच्यावर पूल आहे, १९३० पासून नदीखालून बोगदा. विंडसरच्या कित्येक परिचारिका डेट्रॉईटच्या रुग्णालयांत रोज कामाला जातात. अशा शहरांत सीमेपलीकडे लग्ने जुळणे ओघानेच आले.

लग्न एका दिवसात लागते, व्हिसा नाही. अमेरिकी नागरिकाने कॅनेडियन जोडीदारासाठी अर्ज केला की निकालाला वर्ष सहज उलटते. तोवर जोडीदाराला भेटीला जाता येते, राहायला नाही. आणि भेटीला सोडायचे की नाही, हे दर वेळी सीमेवरचा अधिकारी ठरवतो. म्हणून काही जोडपी विंडसरलाच बिऱ्हाड करतात आणि अमेरिकी जोडीदार रोज बोगद्यातून कामावर जातो. ज्यांना ते जमत नाही ती शनिवार-रविवारी भेटतात, लांबची महिन्यातून एकदा. २०२० च्या मार्चमध्ये करोनामुळे अमेरिकेने रस्त्याची वाट बंद केली, ती २०२१ च्या नोव्हेंबरपर्यंत. विमानाने जायला मात्र मुभा होती! नदीपलीकडच्या नवऱ्याला भेटायला विमान पकडायचे, असा तो न्याय.

यात डॉक्टरचे काय काम, असे वाटेल. पण ओंटारिओ प्रांताचा सरकारी आरोग्यविमा टिकवायचा तर १२ महिन्यांत किमान १५३ दिवस प्रांतात काढावे लागतात. पलीकडे फार राहिले तर विमा धोक्यात, कमी राहिले तर संसार. त्यात दिवस गेले तर तपासणी कुठे, बाळंतपण कुठे, आणि खर्च कोणाचा? खोटी लग्ने होतात, चौकशी हवीच. पण ती चालू असताना नवरा-बायकोच्या भेटी खिडकीवरच्या माणसाच्या मर्जीवर सोडायचे कारण नाही.

आणखी एक गोष्ट आहे आणि ती आपल्याही दारातली आहे. स्त्रीबीज सुटल्यावर १२ ते २४ तास टिकते, शुक्राणू शरीरात पाच दिवसांपर्यंत. म्हणजे महिन्यातले साधारण सहा दिवसच गर्भधारणेचे. दर आठवड्याला भेटणाऱ्यांना त्यातला एखादा दिवस सापडतो. महिन्यातून एकदा भेटणाऱ्यांना बहुतेक वेळा सापडत नाही. वंध्यत्वाची व्याख्या आहे ती वर्षभर नियमित शरीरसंबंध असूनही गर्भ न राहण्याची. लग्नाला किती वर्षे झाली, याचा तिच्याशी संबंध नाही.

आपल्याकडच्या मुलींना अशी ये-जाही शक्य नसते. नवरा अमेरिकेत, बायको व्हिसाची वाट पाहत सासरी. तो वर्षातून एकदा दोन-तीन आठवडे येतो. दोन वर्षांनी सासूबाई सुनेला ओपीडीत आणतात, ‘अजून काही नाही’ म्हणून. केसपेपरवर ‘लग्नाला दोन वर्षे’ लिहिले जाते आणि रक्ताच्या तपासण्या, सोनोग्राफी, गर्भनलिकांचा एक्स-रे अशी रांग लागते. बरोबर किती दिवस राहिलात, हे विचारले तर उत्तर येते, ‘चाळीस-पंचेचाळीस दिवस’. तोवर गावात शिक्का बसलेला असतो, तोही एकटीवर. हा प्रश्न सासूबाईंना बाहेर बसवूनच विचारावा. त्यांच्यासमोर मुलगी बोलत नाही.

याचा अर्थ तपासणी नकोच, असा नाही. पाळी अनियमित असेल, पोटाचा क्षयरोग होऊन गेला असेल किंवा वय ३५ च्या पुढे असेल, तर व्हिसाची वाट पाहत बसू नये. बाकीच्यांनी पाळीच्या तारखा लिहून ठेवाव्यात आणि नवऱ्याची रजा शक्य तेवढी त्या तारखा पाहून ठरवावी. पाळी दर २८ दिवसांनी येत असेल, तर पहिल्या दिवसापासून मोजून साधारण दहावा ते पंधरावा दिवस महत्त्वाचे. तो आला की त्याचीही वीर्यतपासणी करून घ्यावी. तिला दोन ते सात दिवसांचे अंतर लागते, त्यामुळे परतीच्या आदल्या दिवशी दवाखाना गाठण्यात अर्थ नाही. तपासणी साधी आहे, सुई नाही की भूल नाही.