वर्गातले हसू

लहान मुलांना शिकवणे सोपे असते, असे पुष्कळांना वाटते. मुलांनो, तुमच्या घरी पाच-सहा वर्षांचा भाऊ किंवा बहीण असेल. तशी तीस-चाळीस मुले एका खोलीत बसली आहेत, बाहेर पाऊस पडतो आहे आणि छत गळते आहे, अशी कल्पना करा. म्हणजे प्राथमिक शिक्षकाचा दिवस कसा जातो, ते तुम्हांला समजेल.

हजेरी घेता घेता एकाचे खोडरबर हरवते. दुसऱ्याचा दात पडतो आणि तो दात साऱ्या वर्गाला पाहायचा असतो. तिसरा भलत्याच मुलाच्या चपला घालतो आणि मग दोघेही रडतात. मधल्या सुट्टीत खिचडी सांडते. दुपारपर्यंत शिक्षकाचा घसा बसतो. अशा वेळी राग येणे साहजिक आहे. परंतु माझे मत असे आहे की, अशा दिवशी रागापेक्षा हसूच शिक्षकाच्या अधिक उपयोगी पडते.

एक उदाहरण सांगतो. उर्दू माध्यमाच्या पहिलीच्या वर्गात मी मराठी शिकवत होतो. एक मुलगा सारखा उठत होता. मी मोठ्याने म्हणालो, "खाली बस!" तो धावत खिडकीपाशी गेला आणि रस्त्याकडे पाहू लागला. तुम्ही ओळखले असेलच! उर्दूत 'खाली' म्हणजे रिकामी. तो बिचारा रिकामी बस शोधत होता!

मला हसू आले. मी फळ्यावर एक रिकामी बस काढली आणि शेजारी जमिनीवर बसलेला मुलगा काढला. सगळा वर्ग हसला. तोही हसला. मग आम्ही असे आणखी शब्द शोधले. उर्दूतली 'नाव' पाण्यावर चालते, मराठीतले 'नाव' हजेरीपटावर असते. उर्दूत 'राग' गातात, मराठीत तो नाकावर बसतो. उर्दूत 'सही' म्हणजे बरोबर, मराठीत ती कागदाच्या तळाशी करतात. त्या दिवशीचा थकवा कुठल्या कुठे गेला.

समजा, मी त्या मुलाला 'वेडा' म्हटले असते, तर? वर्ग तेव्हाही हसला असता. मात्र त्या मुलाने मराठी बोलण्यासाठी पुन्हा सहज तोंड उघडले नसते. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने मुलांना मारण्यास मनाई केली आहे, तशीच मानसिक त्रास देण्यासही केली आहे. छडीचा वळ दिसतो, टोमण्याचा दिसत नाही, एवढाच फरक.

काही जण म्हणतात, "शिक्षक हसला की शिस्त बिघडते." मला हे पटत नाही. भीतीने वर्ग गप्प बसतो, पण गप्प बसलेला वर्ग शिकतोच असे नाही. भाषा तर बोलल्यावाचून येतच नाही, आणि बोलताना चुका होणारच.

तुमच्यापैकी काही जण उद्या शिक्षक होतील. काही जण आजही धाकट्या भावंडांचा अभ्यास घेत असतील. तुमच्या वर्गातही कोणी मराठी वाचताना अडखळत असेल. हसू आले तर आधी त्याच्याकडे पाहा. तोही हसत असेल, तर मनमोकळे हसा. तो हसत नसेल, तर त्याला अडलेला शब्द सांगा आणि पुढे वाचू द्या.