सण मुलांच्या हाती द्या

डिसेंबर उजाडला की बोईसर-पालघरच्या घराघरांत एकच धावपळ सुरू होते. शाळेतून निरोप येतो: स्नेहसंमेलनासाठी तुमच्या मुलाला कोळीनृत्यात घेतलंय, पोशाखाचे पैसे पाठवा. आई पहिल्या पाळीला, बाबा रात्रपाळीला. मग जे सोपं असतं तेच होतं. पोशाख भाड्याने येतो, गाणं स्पीकरवर वाजतं, बाईंनी बसवले तसे हातवारे करून मूल चार-पाच मिनिटांत व्यासपीठावरून खाली उतरतं. फोटो निघतात आणि दुसऱ्या दिवशी पोशाख दुकानात परत जातो. त्या मुलाला सहज विचारून बघा, कोळी समुद्राला नारळ कधी वाहतात आणि का वाहतात? बहुतेक वेळा ते आपल्या तोंडाकडे बघत राहतं. सातपाटी, मुरबे, दांडी, नवापूर ही कोळ्यांची गावं मात्र त्याच्या घरापासून तासाभराच्या आतच असतात.

मला आज पालकांशी आणि शिक्षकांशी सरळ बोलायचं आहे. संमेलनं बंद करा असं मी म्हणत नाही. मुलांना नाचायला आवडतं, त्यांना नाचू द्या. पण पहिली ते चौथीच्या वयात सण ही शिकण्याची फार मोठी संधी असते, आणि ती आपण तयार पोशाखाच्या पिशवीत बांधून घालवतो आहोत. सण विकत आणू नका. तो मुलांच्या हातून घडू द्या.

नारळी पौर्णिमेचंच बघा. आपल्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. माशांच्या विणीचा हा काळ. बोटी किनाऱ्याला ओढलेल्या असतात आणि अंगणात जाळी दुरुस्त होत असतात. म्हणजे शाळा उघडते त्याच वेळी वर्गाला मोजायला दिवस मिळतात. जूनचे ३०, जुलैचे ३१, एकूण ६१. भिंतीवर दोरा बांधा, बंदीचा एक दिवस गेला की मुलांनी त्यात एक शिंपला ओवायचा. शाळा जूनच्या मध्यावर उघडते, तर आधीचे किती शिंपले एकदम ओवायचे हे मुलांनीच काढायचं. पुढे नारळी पौर्णिमा कधी येते ते दिनदर्शिकेत शोधायचं. २०२३ मध्ये ती ३० ऑगस्टला होती आणि २०२४ मध्ये १९ ऑगस्टला. दर वर्षी तारीख का बदलते? चौथीच्या वर्गात हा प्रश्न टाकला की तिथी, चंद्र, अधिक महिना असं सगळं आपोआप बाहेर येतं, कारण २०२३ मध्ये अधिक श्रावण होता.

मग एखाद्या मांगेला मच्छीमार आजोबांना वर्गात बोलवा. त्यांनी जाळ्याचा तुकडा, गाठ मारायची सुई आणि दोरा आणावा. मुलांनी दहा गाठी मारून बघाव्यात. पट्टी लावून जाळ्याचा आस मोजावा. आस बारीक असेल तर पापलेटचं पिल्लू सुटेल का, याचा विचार करावा. पापलेट २०२३ पासून महाराष्ट्राचा राज्यमासा आहे, हे वाचून पाठ करण्यापेक्षा ज्या जाळ्यात तो अडकतो ते जाळं हातात धरून ऐकलं तर मूल ते विसरत नाही. एवढं झाल्यावर त्याला कोळीनृत्य करू द्या. वल्हं मारायला हात का आणि कसा वळतो, ते त्याला कळलेलं असेल.

हे मी काही नवीन सांगत नाही. आपल्याच जिल्ह्यात हे होऊन गेलं आहे. बोईसरहून गाडीत बसलं की वाणगाव, डहाणू आणि मग घोलवड. तिथून जवळच बोर्डी आहे. १९४५ मध्ये ताराबाई मोडक यांनी बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं आणि अनुताई वाघ त्यांच्या जोडीला उभ्या राहिल्या. मॉंटेसरीबाईंची पद्धत त्यांना पटली होती, पण ती महागडी साधनं गावातल्या बालवाडीला कुठून परवडणार? त्यांनी शंख, शिंपले, गोटे, बिया, पानं गोळा केली आणि त्यांवर मुलांना मोजायला, लावायला, ओळखायला शिकवलं. गरीब वस्तीतली मुलं बालवाडीपर्यंत येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. अंगणवाडी म्हणतात ती ही. १९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. गुरं राखणारी मुलं शाळेत येऊ शकत नव्हती, म्हणून त्यांच्यासाठी कुरणावर कुरणशाळा भरली. १९७५ मध्ये केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली, तिच्या केंद्रांना देशभर अंगणवाडी हेच नाव मिळालं. आपल्या किनाऱ्यावरच्या दोन बायकांनी ओट्या-अंगणात केलेलं काम देशाने उचललं, आणि आपण त्याच जिल्ह्यात राहून मुलांना प्लॅस्टिकच्या माळा आणून देतो. याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आता एक गोष्ट स्पष्टच सांगते. संमेलनात ‘आदिवासी नृत्य’ म्हणून मुलांच्या तोंडाला काळं फासणं, कमरेला पाला बांधणं, हातात भाला देऊन ‘हू हू’ ओरडायला लावणं हे थांबवा. आपल्या वर्गात वारली, कोकणा, कातकरी, मल्हार कोळी घरांतली मुलं बसतात. समोर जे चाललंय ते त्यांच्या घरी कधीच नसतं. आपल्या माणसांना सगळे हसतात, एवढंच ते मूल त्या दिवशी शिकून जातं. मग ते आपली बोली शाळेत बोलायची बंद करतं.

त्याच मुलाची आजी वर्गात आली तर? डहाणू तालुक्यातल्या गंजाडचे जिव्या सोमा मशे यांनी वारली चित्रं कागदावर नेली, जगभर पोचवली आणि २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. पण त्याआधी ही चित्रं लग्नघरातल्या सवाशिणी भिंतीवर काढत आल्या होत्या. त्यामुळे हे शिकवायला यूट्यूबची गरज नाही. आजीला तांदूळ भिजवून वाटायला सांगा, बाजूला मुलांनी वाटावं. एका वाटीत पाणी जास्त, एकीत कमी, एकीत थोडा डिंक. गेरूने सारवलेल्या पुठ्ठ्यावर तिन्ही लावून वाळू द्या. कुठलं ओघळलं, कुठलं पापुद्रा होऊन सुटलं, कुठलं चिकटून राहिलं, हे मुलांनी बघायचं आणि वहीत लिहायचं. बांबूच्या काडीचं टोक ठेचून कुंचला करायचा. दोन त्रिकोण टोकाला टोक जोडले की माणसाचं धड होतं, आणि वरच्या त्रिकोणाचं टोक किंचित सरकवलं की माणूस वाकतो, कुदळ मारतो, नाचतो. दुसरी-तिसरीची भूमिती यापेक्षा चांगली कुठे शिकाल? एक पथ्य मात्र पाळा. पालघट देवीचा चौक हा लग्नविधीचा भाग आहे. तो फळ्याभोवतीची नक्षी म्हणून काढायचा नाही. काय काढावं आणि काय नाही, ते आजीला विचारा आणि ती सांगेल तसं करा.

तारप्याचंही तसंच. तारपा हे वाद्य वाळलेल्या दुधी भोपळ्याचं, बांबूचं आणि ताडाच्या पानांचं करतात, मेणाने सांधतात. भोपळा काही संमेलनाच्या आदल्या आठवड्यात मिळत नाही. तो पावसाच्या सुरुवातीला लावायचा, वेल कुंपणावर चढवायचा, दर सोमवारी मोजायचा, फळ वेलीवरच वाळू द्यायचं. शेवटी तारपा वाजवणाऱ्याला बोलवून त्याच्या हातात ते फळ द्यायचं आणि हे चालेल का म्हणून विचारायचं. त्याला शाल-नारळावर बोळवू नका. ध्वनिक्षेपकवाल्याला पैसे देता, तसेच त्यालाही द्या.

बोईसरच्या शाळांचा आणखी एक मोठा ठेवा आहे, तो म्हणजे पालकांचे हात. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत आणि अणुऊर्जा केंद्रात देशाच्या कानाकोपऱ्यातली माणसं काम करतात. त्यांच्यात फिटर आहेत, वेल्डर आहेत, कापड छापणारे आहेत. चिंचणीकडे दागिन्यांचे डाय कोरणारे कारागीर आहेत. कारखान्यांत १७ सप्टेंबरला विश्वकर्मापूजा होते, खंडेनवमीला यंत्रांना झेंडूच्या माळा पडतात. यांपैकी एखाद्या सणाच्या आठवड्यात वर्गातही हत्यारं मांडा. कुणाचा पाना, कुणाची पक्कड, कुणाच्या आईचं शिवणयंत्राचं तेलपात्र, कुणाचा कोयता. धारेच्या वस्तू अर्थात मोठ्यांच्या हातात राहतील. प्रत्येक मुलाने आपल्या घरचं हत्यार काय काम करतं ते सांगावं, त्याच्या घरी त्याला काय म्हणतात तेही सांगावं. एकाच पान्याची भोजपुरी, ओडिया, गुजराती, वारली नावं फळ्यावर लिहा. मराठी नीट न येणारं मूलसुद्धा त्या दिवशी उभं राहून बोलतं, कारण बाबांच्या कामाबद्दल त्याच्याइतकं वर्गात कुणालाच ठाऊक नसतं.

छठ, ईद, नाताळ हे सणही असेच वर्गात येऊ द्या, पण घरच्यांच्या संमतीने, आणि पूजा करण्यासाठी नाही, जाणून घेण्यासाठी. कुठल्याही मुलाला कशातही भाग घ्यायची सक्ती नको.

ऑगस्टबद्दल थोडं. १५ ऑगस्टला आपली मुलं भगतसिंग होतात, झाशीची राणी होतात, छानच आहे. पण त्याच्या आदल्या दिवशी, १४ ऑगस्ट १९४२ रोजी, पालघरला मोर्च्यावर गोळीबार झाला आणि पाच जण हुतात्मा झाले. सातपाटीचा एक, मुरब्याचा एक, नांदगावचा, सालवडचा आणि पालघरचा एकेक. सालवड तर बोईसरला लागूनच. मुलांना हुतात्मा स्तंभापाशी न्या आणि तिथली नावं त्यांनाच उतरवून घेऊ द्या. परत येऊन ओल्या मातीत तालुक्याचा नकाशा करा, ती पाच गावं काड्या रोवून दाखवा. कुठल्या वाटेने माणसं चालत आली असतील हे मुलं बोटाने दाखवतील.

शिक्षक म्हणतील, अभ्यासक्रम कधी संपवायचा? त्यांच्यावरचं कामाचं ओझं मला माहीत आहे. पण वर सांगितलेलं सगळं अभ्यासक्रमातलंच आहे: बेरीज, मापन, आकार, परिसर अभ्यास, बोलणं आणि लिहिणं. संमेलनाच्या तालमीत तीन आठवडे जातात. त्यातले निम्मे तास वर्षभर वाटून घेतले तरी हे होतं.

पालकांनीही हात झटकू नयेत. शिक्षणहक्क कायद्याने जिल्हा परिषदेच्या आणि अनुदानित शाळांत व्यवस्थापन समिती असते. तिच्यात तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या स्त्रिया असायला हव्यात. त्या समितीच्या जूनच्या बैठकीत पोशाखाच्या खर्चाचा विषय काढा. खासगी शाळेत मूल असेल तर पालकसभेत काढा. पाळी बदलून वर्षातून एक तास वर्गात द्यायला कोण कोण तयार आहे, त्यांची यादी करून बाईंच्या हातात ठेवा. दहा नावं जमली तरी वर्षभराचं काम झालं.

येत्या जूनमध्ये शाळा उघडेल तेव्हा मुलाच्या दप्तरात दुधीच्या दोन बिया घालून पाठवा, आणि बाईंना निरोप द्या की यंदा पोशाखाचे पैसे येणार नाहीत, आजी येईल.