उघडतां येणारें खेळणें

मुलांनीं किती वेळ खेळावें, याविषयीं घरोघर वाद होतात. परंतु मुलानें आपलें खेळणें उघडून आंत काय आहे तें पाहावें कीं नाहीं, याचा विचार क्वचितच होतो. हा दुसरा प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो. हल्लीं कांहीं तरुणांना एक छंद लागला आहे. हातांत धरून खेळावयाचीं जुनीं विजेरी खेळयंत्रें मिळवावयाचीं, तीं दुरुस्त करावयाचीं, आणि त्यांचा पडदा, कवच व कळा यांत मनाजोगते फेरबदल करावयाचे, असा तो छंद आहे. पुष्कळ पालकांस तो वेळेचा व पैशाचा अपव्यय वाटतो. माझें मत निराळें आहे. मात्र तें कांहीं अटींवर आहे.

या छंदांत अग्रपूजेचा मान ‘गेम बॉय’ या यंत्राचा. जपानच्या निन्टेंडो कंपनीनें तें १९८९ सालीं बाजारांत आणिलें. त्या कंपनींतील कल्पक अभियंते गुनपेई योकोई यांचें मत असें कीं, अगदीं नव्या व महाग तंत्रामागें न धावतां, रुळलेलें व स्वस्त झालेलें तंत्र घेऊन त्याचा अभिनव उपयोग करावा. म्हणून गेम बॉयचा पडदा साधा, १६० बाय १४४ ठिपक्यांचा, चार छटांचा व बिनदिव्याचा होता. चार सेलांवर तें यंत्र कित्येक तास चाले. १९९० सालीं सेगा कंपनीनें रंगीत व प्रकाशमान पडद्याचें ‘गेम गिअर’ काढलें. पण त्यास सहा सेल लागत, आणि ते तीन ते पांच तासांतच संपत. बाजी साध्या यंत्रानें मारली.

आतां छंदी लोक त्या जुन्या कवचांत दिवा असलेला नवा पडदा बसवितात. परंतु खरी विद्या दोष शोधण्यांत आहे. गेम बॉयच्या पडद्यावरील कांहीं उभ्या रेषा नाहींशा झाल्या, तर बहुधा पडद्यास जोडलेल्या पातळ पट्टीचा सांधा सैल झालेला असतो; तो बेतानें तापविला म्हणजे रेषा परत येतात. गेम गिअरचा आवाज क्षीण झाला, तर आंतील लहान कपॅसिटर गळूं लागले असावेत. परिणामावरून कारणाकडे जाणें, हीच शास्त्राभ्यासाची पहिली पायरी होय.

हीं परदेशी यंत्रें आपल्या वाशिम जिल्ह्यांतील मुलांना सुलभ नाहींत, हें खरें. परंतु त्यांचें एक गरीब भावंड आपल्याकडे येऊन गेलें आहे. ज्या पालकांचें बालपण १९९० नंतरच्या दशकांत गेलें, त्यांस ‘ब्रिक गेम’ आठवत असेल. रुंदीस दहा व उंचीस वीस चौकोन, वरून पडणाऱ्या विटा, आणि अंगावर ९९९९ खेळांची बढाई! अलेक्सेई पाजित्नोव्ह यांनीं १९८४ सालीं मॉस्को येथें रचलेल्या ‘टेट्रिस’चीच ती नक्कल. असा एखादा बंद खेळ माळ्यावर पडला असेल, तर शिकण्यास तो उत्तम होय. आंत गळलेल्या सेलानें गंजलेली स्प्रिंग दिसेल. ती घासून स्वच्छ करावी. कळांखालीं रबराचे काळे ठिपके असतात. ते खालच्या पट्टीस टेकले म्हणजे विजेचें मंडल पूर्ण होतें, आणि मध्यें धूळ शिरली म्हणजे कळ मुकी होते. पडद्यावरील पोलरायझर नांवाचा पापुद्रा नव्वद अंशांनीं फिरविला, तर काळ्याचें पांढरें व पांढऱ्याचें काळें दिसूं लागतें. मुख्य चिप मात्र लाखेसारख्या काळ्या थेंबाखालीं झांकलेली असते. तेथें आपला इलाज चालत नाहीं. आपल्या सामर्थ्याची मर्यादा कळणें, हेंही शिक्षणच.

याउलट मोबाईल पाहा. तो डिंकानें चिकटवून बंद केलेला असतो. मूल तासन्‌तास त्याकडे पाहतें, पण त्याच्या आंत कधींच पाहत नाहीं. उघडून पाहण्याच्या संवयीचें मोल महाराष्ट्रास नवें नाहीं. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनीं बेळगांवीं सायकली विकण्याचा व दुरुस्तीचा धंदा केला. त्याच हातांनीं पुढें लोखंडी नांगर घडविले, आणि १९१० सालीं किर्लोस्करवाडीचा पाया घातला. प्रत्येक मुलगा वा मुलगी किर्लोस्कर होणार नाहीं. पण पेचकस हातीं धरल्याविना तर कोणीच होणार नाहीं.

आतां अटी. पहिली ही कीं, चालू स्थितींतील जुनें यंत्र कापूं नये. तसें यंत्र आतां कोणी नव्यानें करीत नाहीं. हात बसवावयाचा तो बंद पडलेल्या यंत्रावर. काढलेला प्रत्येक भाग डबींत जपून ठेवावा, म्हणजे मूळ रूप परत आणतां येईल. दुसरी, सोल्डरिंग आयर्न वडील माणसाच्या देखत, मोकळ्या हवेंत वापरावें, आणि सोल्डरमध्यें शिसें असतें म्हणून काम होतांच हात धुवावेत. तिसरी, बदललेलें यंत्र ‘अस्सल’ म्हणून विकूं नये. तो उघड खोटेपणा होय. आणि चवथी, तयार पडदा विकत आणून चार स्क्रू फिरविणें ही खरेदी झाली, विद्या नव्हे. जो मुलगा केवळ रंगीबेरंगी कवचें जमवितो, त्याच्या पालकांची तक्रार मी रास्त समजतों.

तेव्हां पालकांस माझी विनंति एवढीच आहे कीं, येत्या सुटींत घरांतील एखादें बंद खेळणें व एक पेचकस मुलांच्या हातीं द्यावा, आणि आंत काय दिसलें तें संध्याकाळीं त्यांच्याकडून समजून घ्यावें. खेळणें पुन्हा चालूं झालें नाहीं तरी चिंता नाहीं. तें कां चालत नाहीं, हें त्यांना नीट सांगतां आलें म्हणजे सुटी सार्थकीं लागली.