वशिला आणि लाच

चौकांत पोलिसानें विनापरवाना वाहन हांकणाऱ्या मुलास अडविलें, म्हणजे पुष्कळदां दोहोंपैकीं एक गोष्ट घडते. मुलगा गरिबाचा असल्यास खिशांतून शेंपन्नास रुपये निघतात, पावती मात्र निघत नाहीं. बड्या घरचा असल्यास दूरध्वनि निघतो, आणि मामांचा शब्द कानीं पडतांच शिपाई त्यास सोडून देतो. पहिलीस लोक लाच म्हणून नाकें मुरडतात; दुसरीस वशिला म्हणून मिरवितात. आमच्या मतें हीं दोघें सख्खीं भावंडें होत. एकींत कायदा पैशानें विकला जातो, दुसरींत नात्यानें.

हा रोग जुनाच आहे. सर अँड्र्यू फ्रेझर ह्यांच्या अध्यक्षतेखालील १९०२-०३ च्या पोलिस कमिशननें खात्यांतील लांचखाऊपणावर कडक ठपका ठेविला होता. २००६ सालीं सर्वोच्च न्यायालयानें प्रकाश सिंग खटल्यांत पोलिसांवरील बाहेरचा दाब थांबविण्यासाठीं सात आदेश दिले. बदलीच्या भयानें जो वरच्यांच्या शब्दापुढें मान तुकवितो, त्यास खालच्यांपुढें हात पसरण्याची लाज कशी वाटावी?

परंतु सारा दोष खाकी पोशाखावर टाकून आपणांस मोकळें होतां येणार नाहीं. २०१८ च्या दुरुस्तीनें लाच देणें हाही स्वतंत्र गुन्हा ठरला आहे. बळजबरीनें द्यावी लागल्यास सात दिवसांच्या आंत कळविणारास मात्र संरक्षण आहे. २०१९ च्या मोटार-वाहन दुरुस्तीनें अल्पवयी मुलाच्या गुन्ह्याबद्दल पालकास किंवा वाहनमालकास तीन वर्षांपर्यंत कैद व २५,००० रुपये दंड सांगितला आहे. कायदा राखणारानेंच तो मोडिल्यास दंड दुप्पट.

कोणी विचारतील, आप्तानें आप्तास साहाय्य करूं नये काय? अवश्य करावें. वकील द्यावा, दंडास पैसे नसल्यास तेही द्यावे. परंतु न्यायाच्या रांगेंत त्यास पुढें घुसवूं नये. कारण मागें ढकलला जातो तोही कोणाचा तरी मुलगाच असतो.

विद्यार्थिमित्रहो, चुकलांत तर दंड भरा, पावती मागा आणि घरीं खरें सांगा. कोणी लाच मागितल्यास महाराष्ट्रांत लाचलुचपत प्रतिबंधक खात्याचा १०६४ हा क्रमांक आहे. आणि पालकहो, त्या सायंकाळीं मामांस दूरध्वनि करूं नका. मुलगा दंडाचे रुपये विसरेल. आपल्या घरानें कायद्यास मान दिला, हें तो विसरणार नाहीं.