घरी शिकणाऱ्या मुलांना गाव हवं



मुलांना शाळेत न घालता घरीच शिकवायचं, असं ठरवणारे आईवडील महाराष्ट्रात आता अगदीच दुर्मीळ राहिलेले नाहीत. मुंबई-पुण्यात त्यांना आपल्यासारखी माणसं भेटतात आणि मुलांनाही सोबती मिळतात. वर्धा जिल्ह्यातल्या आपल्या हिंगणीत मात्र असा निर्णय घेणारं कॅथलिक कुटुंब दुहेरी एकटं पडतं, कारण इथं कॅथलिक घरंच मोजकी आणि त्यात घरी शिकवणारं दुसरं घर सापडणं जवळजवळ अशक्य. असं कुटुंब आपल्यासारख्यांचा शोध घेत बसलं तर त्याच्या हाती निराशाच येईल. आमचं म्हणणं असं की, आधार आपल्यासारख्या माणसांकडून मिळण्याची वाट पाहू नये, आपल्या जवळच्या माणसांकडून तो घ्यावा. आणि जवळच्यांनीही तो मागण्याआधी द्यावा. हे आवाहन म्हणूनच त्या कुटुंबांपेक्षा त्यांच्याभोवतीच्या सगळ्यांना जास्त आहे.

पहिली जबाबदारी चर्चची. मुलांचे पहिले आणि मुख्य शिक्षक आईवडील आहेत, हे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं १९६५ च्या शिक्षणविषयक घोषणापत्रात स्पष्ट सांगितलं. त्याच परिषदेनं कुटुंबाला घरातलं चर्च म्हटलं. वर्धा जिल्हा ज्या चांदा धर्मप्रांतात येतो तो सिरो-मलबार या पौर्वात्य परंपरेचा, आणि पौर्वात्य चर्चेसच्या १९९० च्या धर्मसंहितेतही हीच भूमिका आहे. पण आईवडिलांना पहिले शिक्षक म्हटलं म्हणून ते एकमेव शिक्षक ठरत नाहीत. तेच घोषणापत्र पुढं सांगतं की या कामात कुटुंबाला साऱ्या समाजाची मदत लागते. रविवारी मिस्सा झाल्यावर मुलांना तासभर धर्मशिक्षण दिलं की धर्मग्रामाचं काम संपलं, असं मानणं या शिकवणीला धरून नाही. आणि हे शिकणं मराठीतून व्हायला कसली आडकाठी नाही. फादर थॉमस स्टीफन्स यांचं मराठी ख्रिस्तपुराण १६१६ साली गोव्यात छापलं गेलं. सुमारे अकरा हजार ओव्यांचा तो ग्रंथ भाविकांनी ऐकावा, गावा म्हणूनच रचलेला होता. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचं सुबोध बायबल आणि वसईचं ‘सुवार्ता’ मासिक आज आपल्या हाताशी आहे. गणितासाठी शिक्षक शोधावा लागेल, पण श्रद्धेच्या भाषेसाठी या मुलांना परक्या दारी जाण्याची गरज नाही.

दुसरी जबाबदारी या जिल्ह्याची, कारण शिक्षणाला चार भिंतींबाहेर काढण्याचा प्रयोग इथंच झाला. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्यात शिक्षण परिषद भरली, डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीनं अभ्यासक्रम आखला आणि हातांच्या कामातून, मातृभाषेतून शिकवणारी नई तालीम सेवाग्रामात उभी राहिली. ती उभी करणारे ई. डब्ल्यू. आर्यनायकम हे जाफन्याकडचे तमिळ ख्रिस्ती होते. पत्नी आशादेवींसह त्यांनी आयुष्य त्या कामाला वाहिलं. मार्जोरी साइक्स या क्वेकर बाईंनी तिथं शिक्षक घडवले. तंजावरच्या ख्रिस्ती घरातले जे. सी. कुमारप्पा वर्ध्याच्या मगनवाडीत ग्रामोद्योगाचं शास्त्र मांडत होते आणि येशूच्या शिकवणीवर लिहीतही होते. यांतलं कोणी कॅथलिक नव्हतं, आणि नई तालीम म्हणजे गृहशिक्षणही नव्हे. पण ख्रिस्ती श्रद्धा घट्ट धरून, शेजाऱ्यांच्या श्रद्धेचा मान राखून, सूत, शेत आणि स्वयंपाकघर यांतून मुलांना शिकवता येतं, याचा पुरावा आपल्याच जिल्ह्यात आहे. २००५ पासून सेवाग्रामची आनंद निकेतन शाळा तीच वाट पुढं नेते आहे. घरी शिकवणाऱ्या पालकांनी तिथं जाऊन काम पाहावं, शंका विचाराव्यात.

आता आक्षेप. शिक्षणहक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे आणि त्याचं दहावं कलम सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला शाळेत दाखल करण्याचं कर्तव्य पालकांवर टाकतं. हे लपवून कोणाला आधार देता येणार नाही. मात्र त्या कायद्यात पालकांना शिक्षेची तरतूद नाही, आणि राष्ट्रीय मुक्त विद्यालयाच्या परीक्षा किंवा राज्य मंडळाच्या परीक्षेला खाजगीरीत्या बसण्याचा सतरा नंबरचा फॉर्म हे पुढचे रस्ते खुले आहेत. पालकांनी हे सारं नीट समजून, मुलाच्या अभ्यासाची नोंद ठेवूनच पाऊल टाकावं.

त्याहून जड आक्षेप इतिहासातून येतो. १८४८ साली सावित्रीबाई आणि जोतीराव फुले यांनी पुण्यात मुलींची शाळा काढली तेव्हा त्यांना काय सोसावं लागलं ते मराठी माणूस विसरलेला नाही. एवढ्या कष्टानं उघडलेलं दार आपणहून का सोडायचं, असं कोणी विचारलं तर तो प्रश्न रास्त आहे. घरी शिकवण्याच्या नावाखाली मुलीला चुलीपाशी किंवा मुलाला कापूस वेचायला बसवलं जाऊ शकतं. चांगल्या हेतूनं शिकवणाऱ्या घरातही मूल एकाच जातीच्या, एकाच धर्माच्या वर्तुळात वाढण्याचा धोका आहेच. आम्हाला तर हा धोका सर्वांत मोठा वाटतो. पण त्यावरचा उपाय त्या कुटुंबाकडं पाठ फिरवण्यात नाही. ज्या घरात शेजारी येतात-जातात, ज्या मुलीचा अभ्यास गावातले निवृत्त गुरुजी दर आठवड्याला पाहतात, तिचं शिक्षण गुपचूप थांबवता येत नाही. टाळलेलं कुटुंब मात्र आणखी आत वळतं.

म्हणून मागणं थोडं आणि नेमकं आहे. फादर आणि सिस्टर्सनी महिन्यातून एका रविवारी मिस्सेनंतर चर्चची खोली या मुलांसाठी आणि त्यांच्या मित्रमैत्रिणींसाठी खुली ठेवावी, मग ती कोणत्याही धर्माची असोत. निवृत्त शिक्षकांनी आठवड्याचे दोन तास द्यावेत. जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या शिक्षकांनी शाळा सुटल्यावर मैदानावर या मुलांनाही खेळायला घ्यावं. सुतार, शेतकरी, शिवणकाम करणाऱ्या बाया यांनी आपलं काम दाखवावं. बोर धरण आणि त्यापलीकडचं जंगल ज्यांना पाऊलवाटेपर्यंत ठाऊक आहे त्यांनी पक्षी, झाडं, पाणी यांची ओळख करून द्यावी. घरी शिकवणाऱ्या कुटुंबांनीही आपलं दार उघडं ठेवावं, शेजारच्या मुलांना वाचायला बोलवावं आणि आपल्याला काय जमत नाही ते मोकळेपणानं सांगावं. विदर्भात शाळा जूनच्या अखेरीस उघडतात. त्याआधीच्या एखाद्या संध्याकाळी, ऊन उतरल्यावर, सर्वांनी एकत्र बसून कोण काय देऊ शकेल याची एक यादी करावी आणि ती चर्चच्या फलकावर आणि ग्रामपंचायतीतही लावावी.