वकीलसाहेब, तुम्ही कुणाचे?

वारसाहक्काच्या भांडणांत कुणाचा हक्क किती, यावरची बरीच धूळ गेल्या काही वर्षांत न्यायालयांनी झटकली. २००५ च्या दुरुस्तीच्या वेळी बाप हयात असो वा नसो, मुलगी जन्मानेच सहदायाद, हे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२० मध्ये सांगितले. डिसेंबर २०२३ मध्ये, ‘कालनिर्णय’कार जयंत साळगावकर यांच्या कुटुंबातल्या खटल्यात, शेअर्सचा नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, हेही स्पष्ट झाले. बँकेच्या काउंटरमागे बसून ठेवींच्या बाबतीत हेच मी कित्येक थोरल्या भावांना समजावले. एकालाही ते पटले नाही.

पण हक्क ठरला तरी वस्तू ज्याच्या ताब्यात आहे त्याचे काय? घरात एखादे परावलंबी मूल असले की बाप खासगी ट्रस्ट करतो. दस्त घरचे वकील लिहितात आणि विश्वस्तही तेच होतात. बाप गेला, भावंडे भांडली, की थोरल्याच्या वकीलपत्रावर सहीसुद्धा त्यांचीच!

असे एक वकील आमच्या शाखेत आले होते. ट्रस्टच्या मुदत ठेवीवर थोरल्या भावाच्या धंद्यासाठी कर्ज हवे होते. दस्त मागवून पाहिला, तर पैसा फक्त मतिमंद धाकट्या बहिणीच्या पालनपोषणासाठी. आम्ही नकार दिला. वकीलसाहेब हसून म्हणाले, ‘‘अहो, घरचाच तर पैसा आहे.’’ माणूस लबाड नव्हता, असे मला आजही वाटते. तीस वर्षे ज्या घरचा चहा प्यायला, त्या घरात आपला अशील नेमका कोण, हेच त्यांना उमगेनासे झाले होते.

कायद्याला मात्र ते पक्के ठाऊक आहे. १८८२ चा भारतीय न्यास अधिनियम सांगतो की, लाभार्थी अनेक असतील तर विश्वस्ताने निःपक्षपाती राहावे. ट्रस्टची मालमत्ता स्वतःच्या फायद्यासाठी वापरू नये. लाभार्थी मागेल तेव्हा, वेळ वाजवी असेल तर, पुरी आणि खरी माहिती द्यावी. लाभार्थीच्या हिताशी विसंगत हितसंबंध असलेला माणूस विश्वस्त म्हणून योग्य नव्हे, हेही त्यात आहे. आणि वकील म्हणून पाहिले, तर ज्या प्रकरणात एका बाजूला सल्ला दिला त्यात विरुद्ध बाजूने उभे राहायचे नाही, अशिलाच्या पैशाचा चोख हिशेब ठेवायचा, हे बार कौन्सिलचे नियम आहेतच.

मग अडते कुठे? सार्वजनिक ट्रस्टला निदान धर्मादाय आयुक्तांपुढे हिशेब ठेवावे लागतात. खासगी ट्रस्टला असा वरचा कुणी नाही. जिच्यासाठी ट्रस्ट, तिला हिशेब हा शब्दही कळत नाही. बाकीच्यांना संकोच, ‘‘काकांना हिशेब कसा मागायचा?’’ तो लेखी मागावा. मिळाला नाही, तर तिच्या वतीने जिल्ह्याच्या दिवाणी न्यायालयात विश्वस्त बदलून मागता येतो.

आणि मुळात दस्त करतानाच दोन विश्वस्त नेमावेत, त्यांतला एक तरी घरच्या वकिलाखेरीज असावा. हिशेब दरवर्षी कुणाला दाखवायचा, त्याचे नाव लिहून घ्यावे. माझ्या टेबलावरून गेलेल्या दस्तांपैकी फारच थोड्यांत ती ओळ होती.