शून्याचा भागाकार आणि भास्कराचार्य



भास्कराचार्यांनी (जन्म १११४) शून्याने भागण्याचा प्रश्न ‘अनंत’ या उत्तराने कायमचा सोडवला, हे गेल्या अंकातील पत्रलेखकाचे विधान खानदेशी अभिमानाला सुखावणारे असले, तरी गणिताला मानवणारे नाही. ज्या राशीचा छेद शून्य आहे तिला त्यांनी ‘खहर’ म्हटले (‘ख’ म्हणजे शून्य, ‘हर’ म्हणजे छेद), आणि तिच्यात काही मिळवले वा वजा केले तरी ती बदलत नाही, हे सांगताना ‘बीजगणिता’त प्रलयकाळी जीव सामावूनही अविकृत राहणाऱ्या अच्युताची उपमा दिली; उपमा भव्य आहे, पण ती सिद्धता नव्हे.

भागाकार म्हणजे पुनःपुन्हा केलेली वजाबाकी असे मानले, तर टोपलीतल्या बारा कळण्याच्या भाकरींतून दर खेपेस शून्य भाकरी उचलणाऱ्याची टोपली कधीच रिती होणार नाही, इथवर ‘अनंत’ पटते. मात्र त्याच अनंताला शून्याने गुणून बारा परत मागितल्यास वीसही तितक्याच हक्काने पुढे येतात, आणि बारा बरोबर वीस हा हिशेब पिंपळनेरच्या बाजारात फक्त उधारी वसूल करणाऱ्यालाच रुचेल. ब्रह्मगुप्तानेही (६२८) शून्य भागिले शून्य म्हणजे शून्य मानले होते, तेव्हा घसरण्याची परंपराही थोरांचीच. १९९७ मध्ये अमेरिकी नौदलाची ‘यॉर्कटाउन’ ही युद्धनौका संगणकातील अशाच एका भागाकाराने भर समुद्रात ठप्प झाली.

राहिला त्या पत्रातला पाटणचा दाखला: चाळीसगावजवळचा तो १२०७ चा शिलालेख भास्कराचार्यांच्या नातवाने, चांगदेवाने, आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी स्थापलेल्या मठाचा आहे, खहराचा नव्हे.

— एक वाचक, पिंपळनेर (जि. धुळे)